स्प्रिंगला तेल कोण लावतं?

दादाने पेटीचं झाकण उघडलं आणि गिटार दिसायच्या आधी तेलाचा वास आला.

"पुन्हा?" मिस्त्रीण म्हणाली.

"थोडंसंच," दादा म्हणाला.

थोडंसंच! त्याच्या थोड्याशात एखादी सायकल चेन-बिनसकट न्हाऊन निघाली असती. पेटीच्या आतल्या मखमलीवर ताटाएवढा डाग पडला होता आणि गिटारची लाल पाठ अशी तुळतुळत होती, की उचलताना मिस्त्रिणीच्या हातातून ती जवळजवळ निसटलीच. तिने ती टेबलावरच्या जाड कापडावर आडवी केली, दिवा खाली ओढला आणि डोक्याला हात लावला. तेलाचा हात स्वतःच्याच कपाळाला लागला, त्यामुळे आणखी चिडली.

मिस्त्रीण म्हणजे दादाची धाकटी बहीण. सायकलच्या दुकानाला चिकटून तिचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं, एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की तिला बाहेर पडता यायचं नाही. बाजारातल्या लोकांनी तिला मिस्त्रीण म्हणायला सुरुवात केली ती चेष्टेने. मग तेच नाव चिकटलं आणि शेवटी तिनेच पाटीवर लिहून घेतलं. छोटी म्हणणारा आता एकटा दादाच उरला होता. छोटीचे कानशिलाजवळचे केस पांढरे झाले होते, आणि तिच्या मते त्यातले निम्मे तरी या लाल गिटारमुळे झाले होते.

कारण या गिटारचा ब्रिज तरंगता होता. साधी गिटार असती तर तारा एका पट्टीला बांधल्या, काम संपलं. इथे तारा ज्या धातूच्या पट्टीवरून जातात, ती पट्टी, म्हणजेच ब्रिज, दोन जाड स्क्रूंना फक्त धारेवर टेकलेली. एका बाजूने तारा तिला पुढे ओढतात, दुसऱ्या बाजूने गिटारच्या पोटात बसवलेल्या स्प्रिंगा मागे ओढतात, आणि या ओढाताणीत ती बिचारी मध्ये उभी. तिला एक दांडी असते. दांडी दाबली की तारा सैल पडतात, सूर डोलतो, लहरतो. सोडली की पट्टीने आपल्या जागी परत यायचं. बरोबर त्याच जागी. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. ती परत आली नाही की सगळी गिटार बेसूर, आणि मग वाजवणाऱ्याने कितीही मान डोलवली तरी ऐकणाऱ्यांचे कान किटतात.

आणि दादाची गेले कित्येक महिने परत येत नव्हती.

"कप्तानचा फोन आला होता मला सकाळी," मिस्त्रीण म्हणाली.

दादाने स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर बसत खिडकीबाहेर बघू लागला.

कप्तान म्हणजे दादाच्या बँडचा ड्रमर. बँड त्याचा, गाडी त्याची, कार्यक्रम आणायचे त्याने, म्हणून तो कप्तान. त्याने फोनवर आढेवेढे घेतले नव्हते. "मिस्त्रीणबाई, मागच्या कार्यक्रमात गाणं संपेपर्यंत तुमच्या भावाची गिटार अर्धा सूर खाली गेली होती. आमची गाणारी रडायची तेवढी बाकी होती. मला वाईट वाटतं, इतक्या वर्षांचा माणूस आहे. पण शनिवारी पुन्हा तसं झालं तर मी दुसरा बघून ठेवलाय." मिस्त्रिणीने हे दादाला जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगायला ती काही त्याची आई नव्हती.

"नुसता धमक्या देतो तो," दादा म्हणाला. पण त्याचा चेहरा पडला. आठवडाभर दादा रंगाच्या दुकानात डबे हलवायचा, लोकांना पांढऱ्यातला आणि दुधाळ पांढऱ्यातला फरक समजावून सांगायचा. शनिवारी स्टेजवर चढला की मात्र तो वेगळा माणूस व्हायचा. बँड गेला तर त्याच्याकडे डबे तेवढे उरणार होते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"या वेळी नीट करून दे ना छोटी."

"या वेळी? म्हणजे आधी मी काय मुद्दाम बिघडवून देत होते?" तिने गिटार उलटी केली आणि मागचं झाकण काढलं. आत स्प्रिंगा तेलात पोहत होत्या. त्या तेलात धूळ, कापडाचे धागे, मेलेली एक मुंगी, सगळं मिळून काळा लगदा झाला होता. मिस्त्रीण त्याच्याकडे बघतच राहिली. "दादा, स्प्रिंगला तेल कोण लावतं?"

"लावू नये का?"

"स्प्रिंग ताणायचं काम करते! ती कशावर घासते तरी का? तेल कुठे लागतं, तर जिथे घासतं तिथे. या दोन धारांना, सुईच्या टोकावर बसेल एवढं ग्रीस. तारा जिथून वळतात तिथे एक टिपूस. वरच्या खाचांना पेन्सिलीचं शिसं. बस! हे मी तुला किती वेळा सांगितलंय?"

"सांगितलंयस."

"मग?"

"दांडी जड जात होती."

"जड?" तिने दांडीला बोट लावून दाबून पाहिली. "ही जड? अरे, माझ्या बोटाने हलतेय! तू काय रोज विहिरीतून पाणी उपसतोस का हिने?"

तोंडात मिठाची गुळणी धरून बसणं त्याला लहानपणापासून छान जमायचं. आईने विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर म्हणून तो असाच बसायचा, आणि मार खायची वेळ आली की छोटी चिडून त्याच्या वतीने बोलायची. आताही तीच बोलत होती आणि तो बसला होता.

तिने तारा सोडवल्या, स्प्रिंगा काढल्या, पट्टी उचलून दिव्याखाली धरली आणि तिचं तोंड पुन्हा सुटलं. दोन्ही धारा बोथट झाल्या होत्या. एकीला तर चक्क खाच पडली होती. ज्या स्क्रूंवर त्या टेकतात ते तिने गेल्या वर्षीच नवे बसवले होते. त्यांच्यावर असे चर पडले होते, जसे काही कुणी करवतीने पाडलेत. "हे बघ. बघ इकडे! लोकांना दहा वर्षं जातं हे. तू एका वर्षात खाल्लंस. आणि हा स्क्रू कुणी फिरवला?"

"मीच. म्हटलं जरा वर घेऊन बघू."

"तारा ताणलेल्या असताना?"

"हो. का?"

मिस्त्रिणीने डोळे मिटून घेतले. ताणलेल्या तारांखाली स्क्रू फिरवला की धार खरवडून निघते. "काही नाही. जा तू. दुकान उघडायचं असेल तुला. उद्या दुपारी ये. आणि घरात जी तेलाची बाटली आहे ती वहिनीकडे दे आणि तिला सांग, कुलपात ठेव म्हणावं."

दादा उठला. दारात थांबून म्हणाला, "शनिवारपर्यंत होईल ना?"

"जा!"

तो गेल्यावर ती बराच वेळ एकटीच बडबडत काम करत राहिली. आधी ब्रश आणि स्पिरिट घेऊन सगळा लगदा काढला. चिंधीवर चिंधी काळी होत गेली. मग पट्टी शिकंज्यात धरून, भिंग डोळ्याला लावून, बारीक दगडाने धारा घासायला बसली. हे काम घाईचं नाही. एक हात जास्त फिरला की एक बाजू खाली बसते आणि मग आयुष्यभर ती गिटार लंगडते. तिची मान आखडली. शेजारच्या सायकलवाल्याने चहा पाठवला, तो तसाच गार झाला. नवे स्क्रू बसवले. सुईच्या टोकावर ग्रीस घेतलं, दोन्ही धारांना लावलं, जास्त झालेलं पुसून टाकलं. वरच्या खाचांमध्ये पेन्सिल फिरवली. नव्या तारा चढवल्या.

आणि मग सुरू झाला तो खरा वैताग. तरंगत्या ब्रिजवर एक तार सुरात आणली की बाकीच्या पाच रुसतात. त्यांची समजूत काढावी तर पहिली पुन्हा खाली गेलेली. मागच्या स्प्रिंगा थोड्या आवळा, पुढे पुन्हा पहिल्यापासून. घरात सासू, सून आणि दोन नणंदा असल्या की एकीला साडी घेऊन चालत नाही, तसला प्रकार. मिस्त्रिणीने हे काम शेकड्याने केलं असेल, पण एकदाही शिवी न देता केलं नव्हतं. आजही दिल्या. शेवटी एकदाच्या सहाही तारा तिच्या मनासारख्या उभ्या राहिल्या. तिने दांडी दाबली, सोडली. दाबली, सोडली. सूर गेला आणि आला, गेला आणि आला, जागच्या जागी. बरं वाटलं तिला. राग असला तरी काम चांगलं झालं की तिला बरं वाटायचंच.

आता फक्त पुसून पेटीत ठेवायची. तिने कापड घेतलं आणि गिटारच्या मानेवरून फिरवलं. मानेवर धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना पडदे म्हणतात; त्यांच्यामागे बोटाने तार दाबली की सूर बदलतो. हे पडदेही तिनेच गेल्या वर्षी, त्या स्क्रूंच्या बरोबरच, घासून आरशासारखे करून दिले होते. ते अजूनही तसेच चमकत होते. चांगलं पॉलिश झालं होतं म्हणायचं, असं तिच्या मनात आलं, आणि तिचा हात थांबला.

वर्षभर वाजवलेली गिटार. आणि पडदे आरशासारखे?

तिने भिंग लावलं. प्रत्येक तारेखाली छोटासा दाब पडला होता, सरळ, तार जिथे टेकते तिथेच. आडवा ओरखडा एकही नव्हता. मिस्त्रिणीने एकेक पडदा पाहिला, मग खुर्ची जवळ ओढून पुन्हा पाहिला. गिटार वाजवणारा नुसती तार दाबत नाही, तो ती बोटाने बाजूला ओढतो, पडद्यावर आडवी घासतो, म्हणजे सूर वर चढतो, थरथरतो. दादाचं तर नावच त्यासाठी होतं. आंधळ्यानेही ओळखावा असा त्याचा हात; तो तार ओढायचा तेव्हा समोरची माणसं बोलायची थांबायची. अशा हाताखाली पडद्यावर ओरखड्यांचं जाळं पडतं. दर वेळी पडलेलं तिने पाहिलं होतं, दर वेळी घासून काढलं होतं. या वर्षी एक रेघ नव्हती.

म्हणजे दादा बोटाने तार ओढतच नव्हता. वर्षभर नाही. सगळं थरथरणं, सगळं डोलणं तो दांडीने करत होता. म्हणून धारा बोथट. म्हणून स्क्रूला चर. म्हणून दांडी जड जाते, कारण जे काम बोटांनी करायचं ते सगळं, कार्यक्रमभर, त्याने तिच्यावर टाकलं होतं. म्हणून तेल, तेल आणि आणखी तेल.

"गाढवा!" मिस्त्रीण मोठ्याने म्हणाली.

सायकलवाल्याने भिंतीपलीकडून डोकं काढलं. "मला म्हणालात?"

"नाही हो. आज तुम्हाला नाही."

तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. बोटं चालत नाहीत हे हा माणूस वर्षभर पोटात ठेवून बसला आणि तिला धारा घासायला लावत होता! आणि तीही अशी शहाणी, की गिटारचं सगळं अंग उलटंपालटं करून पाहिलं, तिला दहा शिव्या दिल्या, आणि समोर स्टुलावर बसलेल्या माणसाकडे एकदाही नीट पाहिलं नाही. त्या दुपारी तिने आलेल्या दोन गिऱ्हाइकांना उगाचच झापलं.

दुसऱ्या दिवशी दादा आला तो धावतच आला. "झाली?"

"वाजवून बघ."

त्याने गिटार गळ्यात अडकवली, छोट्या स्पीकरला वायर लावली आणि एक सूर काढून दांडी हलवली. सूर डोलला, खाली गेला आणि अलगद आपल्या जागी येऊन बसला. पुन्हा केलं, पुन्हा बसला. दादाचा चेहरा असा उजळला, की मिस्त्रिणीला क्षणभर वाटलं, जाऊ दे, काही बोलू नये. "छोटी! हे काय केलंस तू! लोण्यासारखी चालतेय! आता येऊ दे म्हणावं कप्तानला!"

"दे इकडे."

तिने पुढे होऊन दांडी फिरवून काढली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. "आता वाजव."

"म्हणजे?"

"दांडीशिवाय वाजव. अनामिकेने तार ओढ. लोक खुळे व्हायचे ना ऐकून? मलाही ऐकव."

"चेष्टा करू नकोस. मला दुकानात जायचंय."

"मग लवकर वाजव."

"छोटी, दांडी दे."

"नाही देत."

"मी बाजारातून दुसरी आणेन!"

"आण की! या जुन्या ब्रिजच्या आट्यांना बाजारातली एकही बसत नाही, तुलाही माहीत आहे. ही मी घासून बसवलीय. जा, हिंड सगळा बाजार!"

दोघांचे आवाज चढले. सायकलवाल्याचा पंप भिंतीपलीकडे थांबला. दादा रागाने लाल झाला होता, आणि त्या रागातच त्याने तारेवर बोट ठेवलं, दाबलं आणि ओढलं. सूर हलला नाही. त्याने दात खाऊन पुन्हा ओढलं. बोट घसरलं, तार खर्रकन वाजली आणि गप्प झाली. त्याने तिसऱ्यांदा बोट ठेवलं, मग उचललं, आणि गिटारचा पट्टा गळ्यातून काढून ती सावकाश टेबलावर ठेवली.

"कधीपासून?" मिस्त्रिणीने विचारलं.

"वर्ष होईल. आधी मुंग्या यायच्या. मग ही शेवटची दोन ऐकेनाशी झाली. दाबता येतं. जोर लागत नाही."

"डॉक्टरकडे गेलास?"

"काय सांगणार आहे डॉक्टर? आराम करा, वाजवू नका. हे ऐकायला त्याला कशाला पैसे देऊ?"

"त्याने काही वेगळं सांगितलं तर? लवकर आला असता तर बरं झालं असतं, असं म्हणाला तर? अरे, तू तेल कुठे लावत होतास दादा!"

तीच जुनी गुळणी. पण या वेळी मिस्त्रीण त्याच्या वतीने बोलणार नव्हती. ती समोर खुर्चीवर बसली आणि हात गुडघ्यांवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी तो म्हणाला, "शनिवार जाऊ दे. मग जाऊ."

"शनिवार गेला की पुढचा शनिवार येईल. मी हे काम असं चोख केलंय ना, की अजून वर्षभर तुझं कुणाला कळायचं नाही, आणि तोवर उरलेली बोटंही जातील. वाईट केलं असतं तर याच शनिवारी तुला काढलं असतं. काल रात्री मला झोप नाही. सांग ना, कसं करायला हवं होतं मी?"

"चांगलंच."

"तेच केलंय. आता तू कर."

"कप्तानला कोण सांगणार?"

"तू."

"तो काढेल मला, छोटी."

"काढेलही," मिस्त्रीण म्हणाली. नाही काढणार असं म्हणणं फार सोपं होतं, पण तिला खोटा धीर देता आला नाही. "काढलं तर आपण दोघं मिळून त्याला शिव्या देऊ. पण आधी हात."

दादाने मान खाली घातली. मग हळूच डावा हात पुढे करून तिच्या टेबलावर, गिटारच्या शेजारी, उताणा ठेवला. तिने तो दिव्याखाली घेतला. शेवटची दोन बोटं आत वळलेली होती, सरळ होत नव्हती; अंगठ्याच्या बाजूचं मांस ओसरून तिथे खळगा पडला होता. इतका उघड, की आंधळ्यालाही दिसावा. तिला पुन्हा संताप आला, आणि या वेळी डोळेही भरून आले. ते लपवायला तिने मान वळवली तर नजर त्याच्या उजव्या मनगटावर गेली. शर्टाची बाही तिथे घट्ट बंद केलेली होती, नेहमीसारखी नीटनेटकी.

"हे उजव्या बाहीचं बटण तू कसं लावतोस?" तिने विचारलं. "हे डाव्या हाताने लावावं लागतं."

"वहिनी लावते तुझी."

"म्हणजे तिला सांगितलंयस?"

"नाही."

"तिने विचारलं?"

"नाही. सकाळी मी निघालो की दाराशी उभी असते. लावून देते. मग मी जातो."

"कधीपासून?"

दादाने आठवून पाहिलं. आठवता आठवता त्याचा चेहरा बदलत गेला.

"मला कळायच्या आधीपासून," तो म्हणाला.

मिस्त्रीण उठली. तिने ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला, दिवा बंद केला आणि भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं.

"चल," ती म्हणाली. "आधी घरी. तिला घेऊन डॉक्टरकडे जाऊ."